चर, टेप आणि महापौरांचा शेरा

फेब्रुवारीत पुण्याच्या महापौरांची निवड झाली आणि मार्च उजाडायच्या आत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या नावाने शंख सुरू झाला. पाणी कमी दाबाने आलं, की महापौर. घंटागाडी चुकली, की महापौर. एकदा रात्री अख्ख्या गल्लीतली वीज गेली, तेव्हाही कुणीतरी लिहिलंच, 'कुठे आहेत आपले महापौर?' वीज महावितरणची असते हे सांगण्यात अर्थ नव्हता, लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. राग साठला होता आणि तो काढायला फार दिवसांनी एक माणूस सापडला होता.

साठला होता म्हणजे जवळजवळ चार वर्षांचा. मुरलीधर मोहोळ महापौर होते त्या सभागृहाची मुदत 14 मार्च 2022 ला संपली. पुढे निवडणूकच झाली नाही. आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव ठेवणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. जुने नगरसेवक 'माजी' झाल्यामुळे 'आता आमच्या हातात काही नाही' म्हणायला मोकळे. मग 15 जानेवारी 2026 ला एकदाचं मतदान झालं, 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडून आले आणि आमच्या कोपऱ्यावर अभिनंदनाचे फ्लेक्स लागले. त्यातला सर्वांत मोठा फ्लेक्स नेमका आमच्या चरात उभा केला होता. तिथली माती भुसभुशीत, बांबू रोवायला सोपं जातं ना!

या चराचीच ही हकीकत. दिवाळी झाल्यावर पाण्याची नवी लाइन टाकायला आमच्या गेटसमोरचा रस्ता उकरला. पाइप टाकला, वरून माती आणि थोडा मुरूम ढकलला, जेसीबीच्या बकेटने थापटला आणि मंडळी पुढच्या गल्लीत गेली. डांबर आलंच नाही. वरून टँकर जायला लागले तसा चर खचत गेला. मधलं ड्रेनेजचं चेंबर मात्र जागचं हललं नाही, त्यामुळे ते रस्त्यातून वीतभर वर आलं. तळमजल्यावरच्या आजी त्याला ठेचकाळून पडल्या आणि मनगट प्लास्टरमध्ये घालून बसल्या. दुचाकीवाले चर चुकवायला उलट्या बाजूने यायचे आणि गेटमधून बाहेर पडणाऱ्या गाडीसमोर उभे राहायचे. धुळीबद्दल तर बोलायलाच नको. मी सोसायटीची सेक्रेटरी, म्हणजे मानधन शून्य आणि बोलणी भरपूर, त्यामुळे पाठपुरावा माझ्या गळ्यात पडला.

पहिली तक्रार अर्थातच पालिकेच्या ॲपवर. फोटो, लोकेशन, टोकन नंबर, सगळं झोकात झालं. 'पथ विभागाकडे वर्ग' असा मेसेज आला. मग 'रस्त्याची रुंदी 12 मीटरपेक्षा कमी असल्याने क्षेत्रीय कार्यालयाकडे वर्ग'. क्षेत्रीय कार्यालयाने ती पाणीपुरवठ्याकडे पाठवली, कारण खोदाई त्यांची. आणि पाणीपुरवठ्याने लिहिलं, 'लाइनचे काम पूर्ण झाले आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' पाइपपुरतं पाहिलं तर यात एक अक्षर खोटं नव्हतं.

हे बारा मीटरचं प्रकरण पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं. बारा मीटर आणि त्याहून रुंद रस्ते मुख्य खात्याच्या पथ विभागाकडे, त्याहून अरुंद ते क्षेत्रीय कार्यालयाकडे, अशी आपल्याकडे वाटणी आहे. कागदावर सोपी वाटते. पण आमचा रस्ता विकास आराखड्यात एका रुंदीचा, जागेवर दुसऱ्या, आणि पार्किंग धरलं तर तिसऱ्याच रुंदीचा. क्षेत्रीय कार्यालयात मी गेले तेव्हा कनिष्ठ अभियंत्यांनी, म्हणजे सगळे ज्यांना जेई म्हणतात त्यांनी, शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमचा रस्ता बाराचा आहे. पथकडे जा." पथ विभागाने बाराचा नाही म्हणून आधीच हात झटकले होते.

आमच्या वरच्या मजल्यावर भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्याकडे तीस मीटरची टेप अजून आहे आणि ती वापरण्याची हौसही. त्यांनी जेईंना फोन लावला, "साहेब, तुम्ही या, आपण मोजू. वाद कशाला?" आणि जेई खरंच आले, रविवारी सकाळी, स्वतःच्या स्कूटरवर. तिशीच्या आतला मुलगा. गल्ली गॅलऱ्यांतून बघत होती. टेपचं एक टोक काकांच्या हातात, दुसरं जेईंच्या, आणि मध्ये मी मांजर आणि दुचाक्या आवरत. फुटपाथ धरून मोजलं तर बारा मीटरच्या किंचित वर, फुटपाथ सोडला तर खाली. काका म्हणाले, "फुटपाथ रस्त्याचाच भाग." जेई म्हणाले, "काका, हा फुटपाथ तुमच्या सोसायटीने फरशा घालून केलाय, पालिकेचा नाही." ते बरोबर होतं. आमच्याच फरशांनी आमचा रस्ता खात्याखात्यांमध्ये लोंबकळत ठेवला होता. शेवटी फरशा सोडून मोजायचं ठरलं आणि बराचसा रस्ता क्षेत्रीय कार्यालयाच्या पदरात पडला. कोपऱ्यापुढे तो रुंद होतो, तो तुकडा पथचा. चहा झाला. जेईंनी डायरीत माप लिहिलं आणि जाता जाता म्हणाले, "करायचंय मला पण. पण ताई, हेड नाही."

हेड म्हणजे लेखाशीर्ष. त्या कामासाठी पैशाची तरतूद ज्या नावाखाली असते ते. हेड नाही म्हणजे पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत म्हणजे बोलणं संपलं. पालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं होतं आणि आमच्या गेटसमोरच्या डांबराला हेड नव्हतं.

मग नगरसेवक. आमच्या प्रभागात चार असतात हे आम्हाला निवडणुकीत मतदान यंत्रावर चार बटणं दाबताना कळलं होतं. त्याचा अर्थ काय ते आता कळलं. पहिल्यांनी सांगितलं, तो भाग दुसऱ्या ताई बघतात. त्या ताई म्हणाल्या, तुमची गल्ली आमच्या वाटणीत येत नाही, पण बघू. ही वाटणी कुठल्याही कायद्यात नाही. चौघांनी आपापसात नकाशावर हात फिरवून केलेली असते आणि मतदाराला ती सांगायची पद्धत नाही. तिसऱ्यांचा फोन सतत 'व्यग्र'. चौथ्या नगरसेविका पहिल्यांदाच निवडून आलेल्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी अर्ज नीट वाचला आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मला अजून कुणी फाइल दाखवत नाही, काकू. पण मी सभेत लेखी प्रश्न टाकते." मला काकू म्हटल्याचा राग आला, प्रश्न टाकते म्हटल्याचं बरं वाटलं.

इकडे ग्रुपचा धीर सुटलेला. 'डायरेक्ट महापौरांकडे जा' हा ठराव मंजूर झाला. जायचं मात्र मलाच. काका म्हणाले, "मी येतो, पण फार आशा धरू नकोस."

मेट्रोने 'पुणे महानगरपालिका' स्टेशनवर उतरलं की पालिका समोरच. गेटवर पास काढून आम्ही वर गेलो. महापौर कार्यालयाबाहेर गर्दी होती आणि निम्मी गर्दी अजून अभिनंदनाची. शाली, श्रीफळं, पुष्पगुच्छ, फोटो काढायला सोबत आणलेले पुतणे. उरलेल्या निम्म्यांच्या हातात आमच्यासारखे अर्ज. बाकावर शेजारी समाविष्ट गावांतले एक गृहस्थ होते. पालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली (त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर बाहेरही पडली), त्यांपैकी एका गावातले. टॅक्स पालिकेचा आणि पाणी टँकरचं, ही त्यांची तक्रार. आमच्या चराचे फोटो त्यांनी मोबाइलवर पुढेमागे करून पाहिले आणि म्हणाले, "ताई, तुमच्याकडं निदान उकरायला रस्ता होता." यावर मी काय बोलणार?

आमचा नंबर लागला तेव्हा दुपार कलली होती. भेट उभ्या उभ्याच झाली. महापौरांनी अर्ज वाचला, नुसता हातात धरला नाही, वाचला, हे मुद्दाम नोंदवते. "कुठला प्रभाग?" एवढं विचारलं, पेन मागून घेतलं, समासात शेरा लिहिला, 'तातडीने कार्यवाही करावी', आणि सही केली. स्वीय सहायकांनी शिक्का मारून पोच दिली. मी खाली उतरायच्या आत पोचेचा फोटो ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. काका लिफ्टमध्ये गप्प होते.

त्यानंतर काहीच झालं नाही. ग्रुपवर पुन्हा महापौर सुरू झाले, आता अधिक जोरात, कारण आता तर सही होती. मी पुन्हा क्षेत्रीय कार्यालयात गेले तेव्हा जेईंनीच मला बसवलं, ट्रेमधून एक कागद काढला आणि हसत समोर ठेवला. आमचाच अर्ज. महापौर कार्यालयातून आयुक्त कार्यालय, तिथून अतिरिक्त आयुक्त, मग परिमंडळाचे उपायुक्त, मग क्षेत्रीय कार्यालयाचे सहायक आयुक्त, असा एकेक पायरी उतरत तो त्यांच्याच टेबलावर येऊन पडला होता. प्रत्येक टेबलावर एक शिक्का आणि एक शेरा. 'तातडीने कार्यवाही करावी' हे पहिल्या पायरीवर 'आवश्यक त्या कार्यवाहीस्तव' झालं होतं, पुढे 'नियमानुसार उचित कार्यवाहीसाठी', आणि शेवटी 'पाहणी करून अहवाल सादर करावा'. पाहणी तर झालीच होती, टेप लावून. "अहवालात काय लिहू?" जेईंनी विचारलं. "हेड नाही असंच लिहावं लागेल."

त्या संध्याकाळी काकांनी माझी शिकवणी घेतली. ते अजून 'बीपीएमसी ॲक्ट' म्हणतात. आताचं नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, मूळ कायदा 1949 चा. कार्यकारी अधिकार आयुक्तांचे, कलम 67. आयुक्त राज्य सरकार नेमतं. पैशाच्या चाव्या 16 जणांच्या स्थायी समितीकडे. महापौर नगरसेवकांनी आपल्यातून निवडलेले, अडीच वर्षांसाठी, आणि त्यांचं मुख्य काम सभा चालवणं. नगरपालिकेचा नगराध्यक्ष आपण थेट मत देऊन निवडतो, महापौर नाही. मुंबई-नागपूरला 1998 च्या सुमारास महापौरांच्या हाती कारभार देऊन पाहिला होता, 'मेयर-इन-कौन्सिल' म्हणून. तो थोड्याच काळात गुंडाळलाही. "तेव्हा तुझ्या चरावर महापौरांनी डांबर टाकावं असं म्हणणं म्हणजे लग्नातल्या नवरदेवाला वाढप्याचं काम सांगणं," काका म्हणाले.

मला हे अर्धंच पटलं. जानेवारीत घरोघर जी पत्रकं आली, त्यांच्यावर रस्ते, पाणी, कचरा, वाहतूक, सगळं आम्ही करू असं छापलेलं होतं. कुणीही खाली तळटीप दिली नव्हती, की कलम 67 प्रमाणे हे आमच्या हातात नाही. मत मागताना सगळं आमचं आणि अर्ज आला की तो आयुक्तांचा, हे चालणार नाही. लोक महापौरांवर चिडतात ते कायदा न वाचल्यामुळे नाही, पत्रक वाचल्यामुळे. आणि आयुक्तांना जाब विचारायची जागा तरी कुठली? मुख्य सभा. ती चालवतं कोण? महापौर. कार्यपत्रिकेवर कुठला विषय कधी येतो, कुठल्या प्रश्नावर प्रशासनाला उभं करून बोलायला लावायचं आणि कुठली सभा श्रद्धांजली वाहून तहकूब करायची, हे त्या खुर्चीवरूनच ठरतं. म्हणजे महापौरांकडे मागायला भरपूर आहे. डांबर फक्त नाही.

डांबर मिळालं ते दहा रुपयांच्या तिकिटाने. काकांनी सुचवलं, "पैसे नाहीत म्हणतात ना? मग खोदाईच्या कामाची फाइलच बघू." माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. झेरॉक्स मागायच्या नाहीत, प्रत्यक्ष पाहणी मागायची, ही काकांची सूचना. झेरॉक्स मागितल्या की पानं किती, पैसे किती, भरा मग देतो, यात आणखी वेळ जातो. आणि काय पाहायचं तेही नेमकं लिहायचं: निविदेतल्या अटी, कार्यादेश, मोजमाप पुस्तक, आतापर्यंत दिलेली बिलं. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुदत संपता संपता पाहणीची तारीख कळवणारं पत्र आलं.

पाणीपुरवठ्याच्या त्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि तिसरी फायलींनी भरलेली. क्लार्क मॅडमनी फाइल सोडून दिली, पंखा आमच्याकडे वळवला आणि डबा उघडला. फाइल सरळ होती, कुठेही काळंबेरं नाही. कार्यादेशाच्या अटींतच लिहिलेलं, खोदलेला रस्ता खडी-डांबरासह पूर्ववत करणे ही ठेकेदाराची जबाबदारी, दर त्यातच धरलेला. काकांनी मोजमाप पुस्तक उघडलं, ज्याला तिथे सगळे 'एमबी' म्हणतात. खोदाईची मापं, पाइपची मापं, भरावाची मापं, सगळी निळ्या शाईत, खाली सह्या. आणि रस्ता पूर्ववत करण्याच्या बाबीसमोर आमच्या गल्लीचं नाव, पुढचे रकाने कोरे. त्या कामाचे पैसे गेलेले नव्हते. अंतिम बिल निघालेलं नव्हतं. ठेकेदाराची अनामत पालिकेकडेच होती. काकांनी कोऱ्या रकान्यांवर बोट ठेवलं आणि क्लार्क मॅडमना म्हणाले, "बाई, हे बघा हेड."

म्हणजे इतके दिवस जे काम तरतुदीअभावी अडलं म्हणून सांगितलं जात होतं, त्याला तरतूद लागतच नव्हती. क्षेत्रीय कार्यालय आपल्या पैशातून रस्ता कसा करायचा याची काळजी करत होतं, आणि पाणीपुरवठ्याच्या लेखी पाइपातून पाणी वाहिलं की काम झालं. एका खात्याने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने ठेकेदाराला एक पत्र लिहायचं होतं, एवढंच. या दोन खात्यांची कार्यालयं किती लांब आहेत हे सांगितलं तर कुठलं क्षेत्रीय कार्यालय ते ओळखू येईल, म्हणून सांगत नाही. चालत जाता येतं.

त्या नोंदींची तारीख-पानासकट टिपणी करून आम्ही तीन जागी दिली. क्षेत्रीय कार्यालयात, पाणीपुरवठ्यात आणि त्या चौथ्या नगरसेविकांना. त्यांचा लेखी प्रश्न आधीच गेला होता. आता त्यांनी तो बदलून, अट आणि पान क्रमांक घालून पुन्हा दिला. जेई सर्वांत खूश दिसले. त्यांना वर दाखवायला कागद हवा होता, तो आयता मिळाला. ठेकेदाराला पत्र गेलं, काम न केल्यास अनामतीतून वसुली. प्रश्नामुळे झालं, पत्रामुळे झालं, की पावसाळा तोंडावर आला म्हणून झालं, सांगता येत नाही. नगरसेविकांच्या कार्यालयाने प्रश्नाचं श्रेय घेतलं. घेऊ देत.

डांबर आलं रात्री साडेदहाला. डंपर, छोटा रोलर, पाच-सहा बिगारी आणि एक मुकादम. काका पायजम्यावर खाली, हातात मोबाइलचा टॉर्च. मुकादमाने डंपर मागे घ्यायला हात केला तसे काका आडवे आले, "आधी चेंबर लेव्हलला घ्या. मग डांबर." मुकादम म्हणाला, चेंबर आमच्यात नाही, ते ड्रेनेजचं. काकांनी खिशातून टिपणीचा कागद काढला, अट वाचून दाखवली, 'रस्त्यातील चेंबरसह'. मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ठेकेदाराला फोन लावला आणि दोन बिगाऱ्यांना पहारीने फ्रेम मोकळी करायला लावली. मध्यरात्र उलटली तेव्हा चेंबर रस्त्याला मिळालं होतं आणि ताज्या डांबराचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. एरवी नाकाला रुमाल लावणाऱ्या शेजारणी गॅलरीत उभ्या राहून तो घेत होत्या.

काम कोपऱ्यापर्यंत झालं. कोपऱ्यापुढचा तुकडा तसाच आहे, कारण तिथे रस्ता बारा मीटरच्या वर जातो. अट तीच, ठेकेदार तोच, पण पत्र पथ विभागाने द्यायचं. त्यांच्याकडे अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, मोजमाप पुस्तकाचा पान क्रमांक घातला आहे.

महापौरांनाही पुन्हा लिहिलं, या वेळी चराबद्दल नाही. गेल्या दोन वर्षांत पाणी, ड्रेनेज आणि केबलसाठी खोदलेल्या रस्त्यांपैकी कोणते पूर्ववत झाले, कोणते नाहीत, आणि कोणत्या ठेकेदारांची अनामत अजून पालिकेकडे आहे, याची प्रभागवार यादी प्रशासनाने मुख्य सभेपुढे ठेवावी, आणि तो विषय तहकूब होणाऱ्या सभेवर ढकलू नये, एवढीच मागणी. पत्राचा मसुदा आधी ग्रुपवर टाकला होता. सह्या द्यायला बरेच जण तयार झाले, गच्चीवर बैठकही झाली. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने लिहिलं, यादी घेऊन काय करायचं, महापौरांनी स्वतः येऊन कोपरा बघावा. त्याला सांगितलं, पत्रावर तुझीही सही लागेल, खाली ये. तो आला, सही केली आणि जाताना म्हणाला, "येऊन बघायला हवं मात्र."